नऊ नंबर

३ फेब्रुवारी, सोमवार

चपला आत घ्यायला विसरले! ऑफिसातून परत आले तर रात्री ठेवल्या तशाच दाराबाहेर. म्हणजे ‘मिस्टर’ आज कामावर गेलेच नाहीत.

हसू आलं, मग विरून गेलं. कोपरला राहायला आले त्याच आठवड्यात स्टेशनबाहेरून घेतलेल्या या चपला. पुरुषाच्या, नऊ नंबर. नव्या दिसू नयेत म्हणून बाथरूमच्या फरशीवर घासल्या होत्या. रात्री बाहेर, सकाळी आत. ठाण्याच्या ऑफिसातल्या संचितानं सुचवलेलं — “एकटी राहतेस ना? मग पुरुषाच्या चपला ठेव बाहेर.” सोसायटीत सांगितलंय, मिस्टर फिरतीवर असतात. घटस्फोटाला चार वर्षं झाली. हे खोटं बोलणं की नुसतं कडी लावण्यासारखं? — नाही, खोटंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गल्लीत पुन्हा घरफोडी. महिन्याभरातली तिसरी, तिन्ही भरदुपारी. बेल वाजवतात, कोणी आलं नाही की कडीकोयंडा तोडतात.

सेक्रेटरी पावसकर आले होते. “मॅडम, दुपारचा पहारा लावतोय. घरटी एक माणूस. तुमचे साहेब कधी असतात?”

“टूरवर आहेत.”

“कायम टूरवर! मजा आहे बुवा. आमचं बघा, भाजी आणायला खाली उतरलो तरी दोन फोन.” जाताना म्हणाले, “आले की सांगा. ओळख तरी होऊ दे.”

समोर मनुबाईंची बेल त्यांनी वाजवलीच नाही. त्यांच्या नातवाची, प्रणितची नाईट ड्युटी असणार. दिवसा झोपत असेल.

माझा चेहरा मात्र तापला होता. पावसकरांना कळलंय का?

९ फेब्रुवारी, रविवार

मनुबाई जिन्यात बसून प्रणितच्या बुटांना पॉलिश करत होत्या. दर रविवारी करतात. काळे, लेसचे, कंपनीत घालतात तसे. खाडीकाठच्या जुन्या कोळी घरातल्या बाई. सत्तरीच्या असतील, पण हात काय चालतो!

“बग गो, तोंड दिसतंय ना?”

दिसत होतं. दोघींचं.

आल्या दिवशी माझा झाडू बुटांना लागला तेव्हा केवढ्यानं ओरडल्या होत्या — “प्रणितचे हायत ते!” प्रणितला मी अजून पाहिलेलं नाही. पण रात्री दाराच्या भिंगातून ते बूट दिसले की मला झोप लागते. मजल्यावर एक पुरुष आहे. शिकलेली, कमावती बाई मी, आणि झोप लागते ती कुणाच्या तरी बुटांवर. लिहितानाही लाज वाटते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ताप. रजा. चपला बाहेरच आहेत, उठवत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मनुबाईंचं घर फोडलं. आज दुपारी. मी समोर असताना!

मला आवाज आला होता. ठक् ठक्, मग काहीतरी पडल्याचा. उठून भिंगातून पाहिलं. त्यांचं दार अर्धवट उघडं, बाहेर बूट. वाटलं, प्रणित घरी आहे, काहीतरी दुरुस्त करतोय. परत येऊन झोपले.

हे खरं आहे का? की मला भीती वाटली होती, आणि ‘प्रणित आहे’ हे मी मागाहून रचलं? पाच-सहा वेळा स्वतःला विचारलं. दोन्ही खरं वाटतं.

पोलीस आले. पाटल्या गेल्या, थोडी रोकड गेली. आणि बूट! कॅमेऱ्यात दिसतंय — एक जण आपल्या फाटक्या स्लिपर तिथेच टाकून बूट घालून चालता झाला. मनुबाईंनी एकच धरलं होतं, “आधी बूट लिवा.” हवालदार वैतागला. “आजी, बुटांचं राहू द्या हो, पाटल्या किती तोळ्यांच्या ते सांगा.” “तू बूट लिव रं बाबा!”

मग हवालदार माझ्याकडे वळून, “तुम्ही काही ऐकलंत?”

“नाही. ताप होता.”

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही. समोर बूट नाहीत, पण त्यामुळे नाही.

सकाळी मनुबाईंकडे गेले. सगळं सांगितलं — आवाज, भिंग, सगळं. त्या चहा गाळत होत्या. थांबल्या नाहीत.

“मी पन तशीच,” म्हणाल्या. “काल बाजारान जाताना तुज्या दाराशी चपला बगल्या. मना वाटलं, तुजा बाप्या आलाय घरान. तो हाय तवर कोन येतंय! म्हून कुलूपच नाय लावला, निस्ती कडी घातली.”

मग सांगितलं. बाप्या नाही. चार वर्षं नाही. चपला मीच आणल्यात.

“येकटी?”

“एकटीच.”

“मी पन येकटीच गो.”

म्हणजे प्रणित इथे राहतच नाही! बूट नुसते ठेवायला! मला इतकं हलकं वाटलं की चक्क हसले. “म्हणजे तुम्ही पण! दोघी सारख्याच चोर की हो आपण!”

त्या हसल्या नाहीत. चहा पुढे केला. साखर जास्त होती.

पोलीस चौकीत जाऊन जबाब बदलून आले. घरात कोण कोण असतं, विचारलं. “मी एकटी,” म्हटलं. पावसकर बाजूलाच उभे होते. जाताना रिक्षा त्यांनीच थांबवली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसातून येताना काळे बूट घेतले. लेसचे. दुकानदारानं नंबर विचारला, मला कुठे माहीत! नऊ म्हटलं. उद्या पहाटे त्यांच्या दाराशी गुपचूप ठेवणार. किती दिवसांनी कुणासाठी काही आणलंय. चोरांना फसवायचं तर दोघींनी मिळून!

१६ फेब्रुवारी, रविवार

दूध घेताना पावसकरांना सहज म्हटलं, प्रणित कुठे असतो हो? त्यांनी पिशवी खाली ठेवली. “अहो, तो तर दहावीत असतानाच गेला. शहाडला, नदीत. मित्रांबरोबर पोहायला गेलेला. आठ वर्षं झाली.”

शाळेचे बूट होते ते.

धावत वर आले, नवे उचलून न्यायला. मनुबाई जिन्यात बसल्या होत्या, हातात ब्रश, मांडीवर नवा बूट. उलटा करून तळावरचा नंबर बघत होत्या.

“त्याचा सात व्हता गो,” म्हणाल्या. मी हात पुढे केला. त्यांनी बूट दिला नाही.

“ऱ्हाऊ दे. आता नऊच लागला असता.”