हरवलेल्या शुक्रवाराची वारसदार

मी, उएलेसे तुइआ, वय अठ्ठेचाळीस, बसमालक, चर्चचा सेवक, राहणार उपोलू बेट, सामोआ, पुढच्या महिन्यात हृदयाची शस्त्रक्रिया ठरल्याने, देवाला स्मरून आणि डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. याआधी काही लिहिलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

१. जमीन. पहिल्या मसुद्यात ती मी मुलीला, लोसाला, दिली होती. वकीलबाईंनी रेघ मारली. "तुझी कुठे आहे ती, उएलेसे? साऱ्या कुळाची आहे." खरे आहे. ती विकता येत नाही, बँक तारण घेत नाही. पण तिच्यामुळेच आमच्या कुळात कोणी उपाशी झोपलेले नाही. एकाच नियमाने आमचे हात बांधले आणि पोटही सांभाळले, याचे मला अजून नवल वाटते.

२. बस लोसाला. तिचे उजवे दार बंद आहे, डावे मी स्वतः करवतीने कापले. न्यूझीलंडच्या नातलगांना जुन्या गाड्या पाठवता याव्यात म्हणून सरकारने एका सकाळी सारी वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून डावीकडे नेली, आणि उजवे दार भर रस्त्यात उघडू लागले. कागदावरच्या चार ओळी, आणि अख्खा देश बाजू बदलतो! ती करवतही लोसाचीच. चुलतभाऊ सोलोमोनाला देऊ नये. माझी पक्कड त्याच्याकडेच आहे.

३. बहीण पेनिना समुद्रापलीकडे पागो पागोत, अमेरिकेच्या झेंड्याखाली, मासे डबाबंद करते. अर्ध्या तासाचे विमान. आई एक, भाषा एक, स्तोत्रे एक. परक्यांनी कधीतरी नकाशावर रेघ ओढली, आणि तोच घाम तिकडे जास्त मोलाचा ठरू लागला. आईच्या अंत्यविधीला ती म्हणाली, "तुम्ही इकडचे झोपाळू, म्हणून मागे." मी सर्वांदेखत म्हणालो, "कमावतो तो तुझा झेंडा. तुझ्या हातांत काय आहे?" तिने हात मागे घेतले. त्याला सहा वर्षे झाली, तेव्हापासून आम्ही बोललो नाही. ते हात काट्यांनी चिरलेले होते. झेंड्याबद्दल मी चुकलो नव्हतो, हातांबद्दल चुकलो.

४. न्यूझीलंडशी व्यापाराचे वार जुळावेत म्हणून सरकारने ३० डिसेंबर २०११, शुक्रवार, वगळला. गुरुवारी झोपलो, शनिवारी उठलो. वगळलेला तो शुक्रवार माझा वाढदिवस. पागो पागोत मात्र तो आला; तिथला वार तेव्हापासून आमच्याहून एक दिवस मागे. तेव्हा आमचे बोलणे होते. पेनिनाचा फोन आला, "तुझा वाढदिवस गिळला रे तुमच्या सरकारने! माझ्याकडे आहे शिल्लक. डुक्कर भाजलंय, तुझ्या वाटचं मीच खाते." देवाने केलेला दिवस माणसांची सभा पुसते, आणि तोच दिवस बहिणीच्या अंगणात उगवतो. यासमोर मी मान खाली घालतो. तो शुक्रवार पेनिनाचा.

५. आमच्यात चूक करणारा डोक्यावरून चटई पांघरून दुखावलेल्याच्या दारात बसतो. त्याने ती उचलली की क्षमा. मी लाजेने गेलो नाही. आता डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. म्हणून आईची बारीक विणीची चटई माझ्या शवपेटीवर पांघरावी. मला सोमवारी पुरावे. पेनिना रविवारची प्रार्थना चुकवणार नाही, आणि ती आटोपून निघाली तरी इथे सोमवारीच उतरेल. तिच्याशिवाय कोणीही चटईला हात लावू नये. तिने उचलली तर चटई तिची. नाही उचलली, तर माझ्यासोबत पुरावी.

६. शस्त्रक्रियेतून वाचलो, तर कलम पाच रद्द. मग चटई घेऊन मीच जाईन, आणि आदल्या दिवशी तिच्या दारात बसेन.

सही: उएलेसे तुइआ
साक्षीदार: मेरेसेला लेआउपेपे, वकील; फिलेमोनी आतोआ, पाळक
आपिया, १४ ऑक्टोबर २०२४, सोमवार. पेनिनाकडे अजून रविवार.