तपकिरी वर्षं

७ जानेवारी
आजही तपकिरीच! सकाळी नदीवर गेले. कागद नीट भिजला, आकाश एका दमात लागलं — आणि वाळल्यावर बघते तर पुन्हा तोच गढूळ उजेड. हे गेल्यापासून असंच चाललंय. निळ्याकडे हातच जात नाही.
गॅलरीवाले मात्र खूश. "बाई, हे तुमचं आजवरचं सगळ्यात खोल काम. हा विरहाचा रंग आहे!" प्रदर्शनाचं नावही ठरवून मोकळे झाले — 'विरह'. मी मान डोलावली. नवरा गेलेली बाई दुसरं काय रंगवणार?

९ जानेवारी
वन्सं आज नदीवर बरोबर आल्या होत्या. ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना वन्संनीच वाढवलं. आता आम्ही दोघीच घरात. त्यांचा सगळा जन्म नर्स म्हणून गेला, त्यामुळे घराचाही वॉर्ड करून ठेवलाय.
"अगं, तासभर नुसती बघत काय बसलीस? काढ की!"
त्यांना समजावून सांगितलं. जलरंगात पांढरा रंग नसतो. पांढरं म्हणजे कोरा कागद. उजेड कुठे ठेवायचा हे आधी ठरवायचं आणि तिथे हात लावायचा नाही. एकदा ब्रश टेकला की पाणी मालक, आपण नोकर. चुकलं तर खोडायची सोय नाही.
"म्हणजे संसारच की!" वन्सं म्हणाल्या.
खूप दिवसांनी दोघी हसलो.

१५ जानेवारी
काठावरची शेवटची पायरी दिसलीच नाही. गुडघा फुटला. पॅलेट पाण्यात!

१६ जानेवारी
मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला.
डॉक्टरीण अगदी कोवळी पोर. म्हणाली, "काकू, इतके दिवस कसं चालवलंत? सगळं पिवळट दिसत असणार. निळा तर धड कळतच नसेल."
"मी चित्रकार आहे," म्हटलं.
तिने चिठ्ठीवर ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

१७ जानेवारी
मग विरह कुठला?

२ फेब्रुवारी
उजवा डोळा झाला. पट्टी काढली आणि पहिला दिसला तो खिडकीचा पडदा — निळा! असा निळा की मी दचकलेच.
"वन्सं, पडदा नवा आणलात?"
"नवा कसला! धुतलासुद्धा नाहीये."
मग कामाच्या खोलीत गेले. चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली. एकेक डोळा झाकून बघत सुटले. डाव्याने बघावं तर संध्याकाळ, धुकं, दुःख. उजव्याने — चिखल. नदीत चिखल, डोंगरावर चिखल, आकाशात चिखल. निळा मला काळपट दिसायचा म्हणून मी तो टाळत होते. एवढंच! आणि त्याला काय काय नावं दिली लोकांनी. लोकांनी कशाला, मीही दिली.

५ फेब्रुवारी
झोप नाही नीट. हे गेले तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. घरात माणसं होती, पुढची कामं होती. नंतर चित्रं तशी उतरायला लागली, तेव्हा वाटलं — चला, आपलंही मन दगडाचं नाही, रडतंय ते आपल्या पद्धतीने.
तेही खोटं निघालं.
वन्संना हे बोलून दाखवलं. त्या भांडी आवरत होत्या, त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

९ फेब्रुवारी
गॅलरीत जाऊन सगळं खरं सांगितलं. गॅलरीवाल्यांनी आधी दार लावून घेतलं.
"बाई, हात जोडतो, हे कुठे बोलू नका. निमंत्रणं गेलीत."
"बरं. मग एखादं नवीन तरी लावा."
"निळं? विरहात?"
बरीच हुज्जत घातली. शेवटी दाराजवळची जागा मिळाली, लोक छत्र्या ठेवतात तिथली. तर तिथली!

१४ फेब्रुवारी
नदीवर. डोंगराची लांबची रांग निळी आहे. कायमच होती! ओल्या कागदावर नुसता ब्रश टेकवला आणि फळी कलती धरली. निळा आपला आपण खाली उतरला, पाण्यापाशी येऊन थांबला. मी काही केलं नाही. मधला उजेड कोरा राहिला.
चांगलं झालंय. किती वर्षांनी स्वतःला हे म्हणतेय!
घरी येताना लाज वाटली. हे नाहीत, आणि मी निळ्या रंगाने हरखलेय.

२० फेब्रुवारी
प्रदर्शन उघडलं. गर्दी बरी होती. वन्सं आल्या नाहीत, पाय दुखतो म्हणाल्या.
माझ्याच वयाची एक बाई नदीच्या एका चित्रासमोर उभी. सगळ्यात जास्त चिखल त्यातच. ती हलेचना. मी जवळ गेले तर गाल ओले.
"तुम्हीच काढलंत? आमचे हे गेल्यापासून मला सगळं असंच दिसतं. कुणाला सांगता येत नव्हतं."
जिभेवर आलं होतं — अहो, तो मोतीबिंदू आहे! गिळलं. तिने माझा हात धरला, मी धरू दिला. मी तिला फसवलं की नाही, कळत नाही. निळं चित्र तिने जाताना पाहिलंही नाही.
घरी येऊन वन्संना सांगितलं. त्या जेवल्या नाहीत.

२१ फेब्रुवारी
सकाळी मला आडवं करून डोळ्यात थेंब घालताना वन्सं म्हणाल्या, "मला कधीचाच दिसला होता तो मोतीबिंदू. बाहुली पांढुरकी झालेली. इतकी वर्षं नोकरी केली, मला कळणार नाही?"
"मग बोलला का नाहीत?"
"तू रोज ती चित्रं घेऊन यायचीस. वाटायचं, माझ्या भावासाठी ह्या घरात आणखी कुणीतरी रडतंय. औषध केलं असतं तर मी एकटी पडले असते गं."
"मिट डोळे," म्हणाल्या.
मिटले. त्यांनी कपाळावरचा हात काढला नाही. थेंब एकच घातला होता. पाणी कानापर्यंत आलं.