जोड्याची भोकं

रचनाचे बाबा, जयभीम.

मी पाठवलेल्या जोड्याच्या भोकायले तुमी सायकलच्या ट्यूबचे ठिगळं कायले लावले? पंक्चरचं दुकान आहे म्हणून दिसलं भोक की बुजव! मले कोनी फसवलं नाही. हवा लागावी म्हणून कंपनीच भोकं ठेवते.

दिसाले बेडकावानी आहेत, मान्य. पण इथं पुण्यात मी ज्यायच्या घरी कामाले आहे ते डॉक्टरसाहेब बी हेच घालून फिरतात, फॅशन आहे. मी घालून पाहिले, गादीवर पाय ठेवल्यावानी वाटते.

तुमाले शुगर, त्यात अंगठ्याची जखम. जुनी चप्पल तिथंच घासते. मी जवळ नाही, पाय कोन पाहीन?

शेळी व्याली का? वेळेवर जेवता ना?

ठिगळं काढा, जोडे घाला, गोंदियाले जाऊन पाय दाखवा. बुद्धपौर्णिमेच्या आत जखमेचं खरं काय ते कळवा, नाही तर मी काम सोडून येऊन राहिली समजा.

तुमची अंजना