जोडलेला दुसरा पडदा

३ जून
बुऱ्हाणपूर आवडलं. केळी पिकवण्याच्या गोदामात आजपासून संगणक सांभाळायच्या कामाला. सहा बंद खोल्या. आतली हवा माणसाला सोसेल का, ते संगणकाच्या काळ्या पडद्यावर अक्षरांत दिसतं. हा प्रोग्राम भूपेंद्रने लिहिला. तो मार्चमध्ये वारला. त्याची बायको उषाताई इथेच केळीच्या फण्या निवडतात. मी भुसावळचा म्हटल्यावर हसल्या. म्हणाल्या, मग आम्हाला केळं नका शिकवू भाऊ, बस चाय पिया करो.

५ जून
पडद्यावर रंगांऐवजी कचरा उमटतो. कारण सापडलं. प्रोग्राम समोरच्या पडद्याला विचारतो, तू कोणत्या प्रकारचा? पण मध्ये मल्टिप्लेक्सर नावाचा दुसरा प्रोग्राम बसला आहे. आपण उठून गेलो तरी तो काम चालू ठेवतो, आणि पडद्याऐवजी उत्तरही तोच देतो. असं चालू राहिलेलं काम म्हणजे सत्र; भूपेंद्रने उघडलेलं सत्र अजून चालू आहे. मी त्यालाच जोडला गेलो.

९ जून
पडद्यावरची आकड्यांची चौकट आक्रसली. कडेला नुसते ठिपके. एका सत्राला दोन पडदे जोडले, की चौकट लहान पडद्याएवढी होते. यादी पाहिली. दोन आहेत. दुसरा भूपेंद्रच्या लॅपटॉपचा.
उषाताई म्हणाल्या, तो तर राखेबरोबर तापीत सोडला. त्याच्याशिवाय जेवत नव्हते ते.

११ जून
मालक मोतीलाल म्हणाले, सत्र बंद करा, नवं उघडा. उषाताई पडद्यासमोरून उठेनात. एक बार जलाया ना भाऊ, म्हणाल्या, आता पुन्हा नको.

१२ जून
चौकट आणखी लहान. पाच आणि सहा नंबरच्या खोल्यांच्या ओळी दिसत नाहीत. उषाताईंनी एक दिवस मागितला. दिला.

१३ जून
सकाळी चार नंबरही गेला. संध्याकाळी सत्र बंद करणारच होतो. दुपारी उषाताई चारमध्ये क्रेट आणायला — आत हवा नव्हती. मला आकडा दिसला नाही. दिसत नव्हता हे मला माहीत होतं.

१५ जून
त्यांना तापीकाठच्या स्मशानात पोचवून आलो. सत्र तोडायला बसलो. चौकट चार ओळींची.
यादीत तीन पडदे.
तिसऱ्याचा प्रकार ओळखता येत नाही. उषाताईंकडे संगणक नव्हता. प्रोग्राम विचारतो आहे, तू कोण. पुन्हा. पुन्हा —
उत्तर येतं आहे. एकेक अक्षर.
भाऊ, इथं हवा —