फोटोतल्या दोन खुर्च्या

कळवा, रविवार, १२ नोव्हेंबर १९९५

आज जवळजवळ सही केलेली. ठाण्याच्या हॉटेलात टाइमशेअरवाल्याने चहा पाजून गळ घातली. अंदमानच्या रिसॉर्टमधला एक आठवडा दरवर्षी आपला. जुलैतला स्वस्त म्हणे. फोटोत वाळूवर दोन खुर्च्या होत्या. आम्ही नवराबायको, मी आणि सुनंदा, मनाने त्यांत बसलेलोसुद्धा. फॉर्म सही न करताच घरी आणला, तेवढं बरं झालं.

बाबांना दाखवला. चाळीस वर्षं जाळी टाकलेला माणूस. "जुलैला? आरं, नारली पुनवेआधी दर्यान कोन जातं?"

कोळ्याचा पोरगा ना मी? बँकेत बसून एवढंही विसरलो? लाज वाटली, हसूही आलं. जानेवारीचा आठवडा लिहिला. महाग आहे, पण जमवू.

बाबा अजून फोटोच बघत होते. "जालं न घेता दर्यावर गेलो नाय कवा. करतात काय तिथं?"

"नुसतं बसतात."

"दोगंच?"

पुन्हा त्या खुर्च्या! मला एवढा वेळ दोनच का दिसत होत्या?

माणसांच्या रकान्यात दोन लिहिलेलं. ते खोडून चार केलंय. आईला उद्या सांगेन. आधी म्हणेल, सात दिवस चूल बंद? मग हळूच विचारेल, कोणतं लुगडं नेऊ.