भाजीचं पाणी

माय, तुझी पितळेची वाटी अजून घरात आहे. तू गेल्यावर मालेगावचं घर बंद करून आप्पांना नाशिक रोडला माझ्याकडे आणलं, तेव्हा त्यांनी तुझं बाकी काही घेतलं नाही. वाटी तेवढी सदऱ्याच्या खिशात घालून आणली. त्या वाटीबद्दलच लिहायला बसले आहे. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं हे नाही.

मी शाळेत असताना एकदा शेवग्याचा पाला उकळून त्याचं पाणी मोरीत ओतलं होतं. तू भाकरीचं पीठ मळत होतीस. पिठाच्या हातानेच पाठीत धपाटा घातलास. "सगळा कस मोरीत ओतला, आता चोथा वाढ बापाला!" तेव्हापासून भाजीचं पाणी फेकायची माझी छाती झाली नाही. आपल्या घरात त्या पाण्याचा मान दुधापेक्षा मोठा. मे महिन्यात आप्पा यंत्रमागावरून येतात, बनियन पिळून काढावं इतकं भिजलेलं, आणि उंबऱ्यातच बसतात, कारण पोटऱ्यांत गोळे आलेले असतात. तू वाटी पुढे करतेस. भाजीचं कोमट पाणी, मीठ, वर लिंबू. थोड्या वेळाने आप्पा पाय लांब करतात आणि जेवायला काय आहे विचारतात. शेजारचे कारागीरसुद्धा दारातून हाक मारायचे, "भाभी, वो पानी है क्या?" तू अशी ऐटीत उठायचीस की जणू दवाखानाच काढलाय. घामातून मीठ आणि बाकीचे क्षार निघून जातात आणि तुझं पाणी ते भरून काढायचं, हे मला फार उशिरा कळलं. तू बरोबरच होतीस. घोळ झालाय तो त्यामुळेच.

आप्पांच्या किडन्या थकल्या आहेत, डायलिसिस चालू आहे. भाजीतून, फळांतून येणारं जास्तीचं पोटॅशियम आपल्या लघवीवाटे निघून जातं. त्यांच्या अंगात ते साठत राहतं. साठलं की हातपाय गळतात, मग ते हृदयावर जातं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या की कधीकधी ते काही न कळवताच हृदय बंद पाडतं. म्हणून केळी बंद, शहाळं बंद. भाज्या बारीक चिरून भिजत घालायच्या, भरपूर पाण्यात उकळायच्या, म्हणजे पोटॅशियम पाण्यात उतरतं, आणि ते पाणी फेकून द्यायचं. बाई हे सांगत होत्या तेव्हा मला तुझा धपाटा आठवला. कस ओतायचा आणि चोथा बापाला वाढायचा, हेच आता माझं काम. ते मी इमानेइतबारे करत होते. फक्त पाणी ओतवत नव्हतं. पातेल्यात झाकून ठेवायचे, संध्याकाळी गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालायचे.

आणि आप्पांचं पोटॅशियम वाढत चाललं. सगळं पथ्य सांभाळूनही प्रत्येक तपासणीत थोडं वरच. बाई माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या. मी गोळ्या तपासल्या, मीठ बदललं, फळवाल्याला आमच्या दारात थांबू नको म्हणून सांगितलं. आप्पा भिंत धरून चालायला लागले. मग एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले, तर आप्पा ओट्यापाशी उभे. पातेल्यावरचं झाकण बाजूला, हातात तुझी वाटी, आणि तिच्यात लिंबू पिळणं चाललेलं. "पायमा जीव नही," ते अगदी सहज म्हणाले. "हाई तुनी मायनं औषध शे."

पाय गळतात म्हणून आप्पा ते पाणी पितात, आणि ते पाणी पितात म्हणून पाय आणखी गळतात. किती दिवस चाललं होतं, कोण जाणे. मला वाटत होतं, कढीपत्ता पाणी पितोय.

मी डॉक्टरबाईंना सांगितलं, आप्पांच्या समोरच. बाईंनी चांगल्या शब्दांत समजावलं, आप्पांनी मान डोलावली. परतताना रिक्षात ते बाहेर बघत बसले. घर जवळ आल्यावर म्हणाले, "मायची चुगली केलीस."

"आप्पा, जिवावर बेतेल."

"तिच्या पाण्याने मेलंय का कुणी आजवर?"

कुणीच मेलेलं नाही.

त्या दिवसापासून पाणी गाळलं की कढत असतानाच सिंकमध्ये ओतते, वाफ तोंडावर घेत. वाटलं, मिटलं. काल रात्री बटाट्याच्या फोडी बुडतील इतक्या पाण्यात भिजत घातल्या होत्या. आज सकाळी बघते तर पाणी निम्म्यावर, वरच्या फोडी उघड्या पडून काळवंडलेल्या. बाजूला तुझी वाटी पालथी, ओली. आप्पा खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. "आज बरं वाटतंय," म्हणाले. मी विचारलं नव्हतं. उठताना मात्र दोन्ही हात टेकून उठले, आणि तरी एकदा खाली बसलेच. डायलिसिस उद्या आहे. मधे अख्खी रात्र आहे. मला भीती वाटते, माय.

ते बाईंचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकायचे. तू नुसतं "पुरे" म्हणालीस तर हातातला चहा अर्धा ठेवायचे. आता ते "पुरे" म्हणायला तू हवी होतीस. चुगलीच करायची, तर या वेळी त्यांची तुझ्याकडे करते आहे. पण हा कागद टाकू कुठे? डॉक्टरबाईंना फोन करायला हवा, तोही अजून केलेला नाही. मघाशी वाटी लपवून टाकावी म्हणून उचलली. तिला लिंबाचा वास येत होता, तुझ्या हाताला यायचा तसाच, आणि लपवणं होईना. मी ती घासली, पुसली, आणि जिथून उचलली होती तिथेच परत ठेवली, आप्पांच्या हाताला येईल अशी.