आधी तुम्ही ठेवा

गिरावीन, सिडनी
ऑगस्ट २०२१

प्रिय करुणामावशी,

सप्रेम जय भीम. गुडघा काय म्हणतो? काढा पितेस ना, की अजूनही कुंडीत ओततेस? आम्ही लॉकडाउनमध्ये सुखरूप आहोत. फोनच करणार होते, पण आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर आणि आईचे कान त्याच्यावर, म्हणून लिहिते.

युनिव्हर्सिटीतर्फे मी वर्षभर क्योतोला जाणार होते, ते सीमा बंद झाल्यामुळे राहिलं. त्याऐवजी आम्हाला एका दिवसाचं जपान लॅपटॉपवर दाखवलं. सकाळी एका जुन्या घरात चहाचा विधी, दुपारी तिथल्या पोरांबरोबर कॅमेऱ्यातून शहराचा झगमगाट. दोन्हीला मार्क, आणि ज्याचे सगळ्यात जास्त त्याला सीमा उघडल्यावर क्योतोची एकुलती एक जागा. दुपारच्या सरांनी बजावलं होतं, उशीर झाला तर शून्य.

सकाळ बरी गेली. मोरिताबाई (ऐंशीच्या घरातल्या, पण पाठ ताठ) तिकडे चहा घुसळत होत्या, मी इकडे ओट्याखाली गुडघे मोडून ताकाच्या रवीने. पायांना मुंग्या, चेहरा हसरा. मग त्यांनी घरातली बुद्धमूर्ती दाखवली आणि माझा घात झाला. कांदा चिरणारी आई हात धुऊन थेट कॅमेऱ्यापुढे येऊन बसली आणि त्रिशरण म्हणू लागली. बाईंनीही डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, चला, मार्क वाढले.

पुढे निरोप. बाई वाकल्या. आई वाकली. बाई पुन्हा वाकल्या, तर आई त्यांच्याहून खाली. तिकडे पाहुणा दिसेनासा होईपर्यंत यजमान हलत नाही, आणि आपली आई पाहुण्याला गेटपर्यंत पोचवते, तिथून गाडीपर्यंत, मग गाडीच्या काचेतून आणखी अर्धा तास (तुला काय सांगायचं). इथे पाहुणी कोण आणि यजमान कोण, हे दोघींनाही कळेना. बाई जपानीत म्हणत होत्या, सांभाळून जा. आई मराठीत म्हणत होती, आधी तुम्ही ठेवा. मधे मी दुभाषी. दुपारच्या वर्गाची वेळ झाली, मोबाइलवर मेसेज यायला लागले. लाल बटणापर्यंत बोट नेलंही. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अगं, त्या अजून बघताहेत ना."

मावशी, आजीच्या शेवटच्या दिवशी तू तिच्यापुढे फोन धरला होतास आणि मधेच नेट गेलं होतं. आई इथे कितीतरी वेळ काळ्या स्क्रीनला हात हलवत होती. माझ्याच्याने ते बटण दाबवलं नाही.

शेवटी मोरिताबाईंच्या टॅबची बॅटरी संपली. सरांनी मला वर्गात घेतलं नाही.

आई मात्र खुशीत आहे. काकांना जय भीम, रुद्रला पापा.

तुझी,
सुमेधा

ता. क. जागा माझ्या वर्गातल्या सुनीतीला मिळाली. आईला मी सांगितलंय की सीमा उघडत नाही म्हणून जागाच रद्द झाली. तिने विचारलं तर तूही तेच सांग.

ता. क. पण खरं काम वेगळंच आहे. तू दर वेळी "कुकर लावलाय गं" म्हणून फोन ठेवून देतेस. यापुढे आईला आधी ठेवू दे. ती ठेवणार नाही, मला माहीत आहे. कुकर उतरवूनच फोन करत जा.